चाळिशीनंतरचा योग: कुठे पुरतो, कुठे कमी पडतो

पाळी जायच्या आसपास बाईच्या शरीरात चार-पाच गोष्टी एकदम डोकं वर काढतात. रात्री तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. पंख्याखाली बसलेलं असतानाही छातीपासून मानेपर्यंत वाफा निघतात. गुडघे कुरकुरतात, वजन पोटावर येऊन बसतं, जोरात शिंक आली की थेंबभर लघवी होते. आणि या सगळ्यावर घरची, शेजारची, भिशीतली, व्हॉट्सॲपवरची मंडळी एकच औषध सांगतात: योगा कर.

सल्ला वाईट नाही, पण फार ढोबळ आहे. त्यामुळे एकीला वाटतं, रोज पाऊण तास आसनं करते, मग हाडांची तपासणी कशाला? दुसरी महिनाभर क्लासला जाते, वाफा काही थांबत नाहीत, मग 'मला नाही बाई योग मानवत' म्हणून चटई गुंडाळून ठेवते. दोघींचा घोटाळा एकच आहे. योग आणि ताई ची, ची गाँग हे सावकाश हालचालींचे चिनी व्यायाम, या प्रकारांना काही कामं झकास जमतात, काही अर्धीमुर्धी जमतात आणि काही जमतच नाहीत. कुठलं काम कुठल्या रकान्यात बसतं हे आता बऱ्यापैकी मोजून झालेलं आहे.

मोजणं म्हटलं की काहींना तो योगाचा अपमान वाटतो. त्यांनी लोणावळ्याची गोष्ट आठवावी. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. उड्डियान आणि नौली या पोट आत ओढण्याच्या-घुसळण्याच्या क्रिया करताना पोटातला दाब किती बदलतो हे त्यांनी उपकरणं लावून पाहिलं, क्ष-किरणांनी तपासलं. योगाकडे पुरावा मागायची पद्धत आपल्याकडे शंभर वर्षांची आहे.

हे सगळे प्रकार एका गटात का मोडतात, तेही सांगते. तीन गोष्टी त्यांत एकत्र येतात: हालचाल, श्वास आणि लक्ष. टीव्ही बघत ट्रेडमिलवर चालता येतं, पण टीव्ही बघत वृक्षासन करायला गेलात तर पाय खाली आलाच. लक्ष सुटलं की व्यायामच मोडतो. पुढे यातली ताकद आणि मर्यादा, दोन्ही इथूनच निघतात.

हाडांचं खोदकाम

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली, असं डॉक्टर धरतात. पाश्चात्त्य देशांत हे सरासरी ५१ व्या वर्षी घडतं, भारतीय बायकांमध्ये चार-पाच वर्षं आधी, ४६-४७ च्या सुमारास. त्याआधीची काही वर्षं इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं हार्मोन सरळ उतरत नाही, खालीवर हेलकावे खातं. म्हणून 'पाळी तर चालू आहे, मग हे काय नवीन?' हा प्रश्न चाळिशीच्या मध्यावरच पडतो.

या उतरणीचा सगळ्यात मुकाट फटका हाडांना बसतो. हाड आतून सतत बदलत असतं. महापालिकेचा रस्ता जसा कायम कुठेतरी उकरलेला असतो आणि कुठेतरी बुजवला जात असतो, तसंच. पेशींची एक टोळी जुनं हाड खोदून काढते, दुसरी मागून येऊन नवं भरते. खोदणाऱ्यांवर इस्ट्रोजेनचा वचक असतो. तो उठला की खोदकाम जोरात आणि भरणं मागे. अमेरिकेत हजारो बायकांना वर्षानुवर्षं तपासत राहिलेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की शेवटच्या पाळीच्या आधीची पाच आणि नंतरची पाच अशा दहा वर्षांत मणक्याच्या हाडांची घनता साधारण दहा टक्क्यांनी घटते. दुखत काहीच नाही, म्हणून कळतही नाही.

भरणाऱ्या टोळीला जागं करायचं तर हाडावर सवयीपेक्षा जास्त भार यावा लागतो, शक्यतो झटक्याने. रोजच्या चालण्याची हाडाला सवय झालेली असते. आसनांमध्ये भार आपल्याच शरीराचा, तोही सावकाश येणारा. त्यामुळे हाड टिकवायला थोडी मदत होईलही, पण वाढवायला ते कमीच पडतं.

इथे कोणीतरी 'रोज बारा मिनिटं योग, हाडं मजबूत' हा संदेश पुढे करतं. त्यामागे खरोखरचा अभ्यास आहे, अमेरिकेतला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला. पण तो कसा केला होता ते त्या संदेशात नसतं. इंटरनेटवरून ७४१ जणांनी नावं दिली, त्यातल्या २२७ जणांनी ठरल्याप्रमाणे नियमित आसनं केली आणि हिशोब मुख्यतः या टिकून राहिलेल्यांचा झाला. तुलनेला योग न करणारा वेगळा गट नव्हता. जी माणसं वर्षानुवर्षं नेमाने आसनं करतात ती खाण्यापिण्यात, औषधांत आणि चालण्यातही नेमाचीच असणार. मग श्रेय कोणाला द्यायचं? त्या अभ्यासावर विसंबून मी तरी हाडांची जबाबदारी योगावर टाकणार नाही.

त्याच्या शेजारी ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाचा २०१८ चा प्रयोग ठेवून बघा. पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या १०१ बायका, सरासरी वय ६५. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धाच तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली चांगली जड वजनं उचलली आणि उडी मारून जमिनीवर उतरण्याचा व्यायाम केला. दुसऱ्याने घरी हलका व्यायाम केला. आठ महिन्यांनी पहिल्या गटात कंबरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली होती, दुसऱ्यात १.२ टक्क्यांनी घटली होती. साठी उलटलेल्या बायका, जड वजनं, आणि हाड वाढलं! आपल्याकडे याच वयात 'आता जड काही उचलू नकोस गं' म्हणून पिशवी हातातून काढून घेतात. काळजीपोटीच घेतात, पण उलटंच होतं.

पडणं टाळणं

हाड मोडायला दोन गोष्टी लागतात. हाड कमकुवत असणं ही एक, आणि पडणं ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीत मात्र योग आणि ताई ची मैदान मारतात.

तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून बातम्या येतात: डोळे, आतला कान, आणि तळपाय-घोट्यांतल्या संवेदना. वय वाढलं की तिन्ही थोड्या उशिरा पोचतात आणि पायाचे स्नायू हुकूम पाळायलाही उशीर करतात. हे बघायचं असेल तर ओट्याशी अनवाणी उभं राहून एक पाय उचला. बोट ओट्याच्या कडेपासून इंचभर अंतरावर राहू द्या, म्हणजे गरज पडली की टेकता येईल. आता खाली पावलाकडे बघा. वरच्या शिरा ताणतात, सैलावतात, घोटा डावीकडे-उजवीकडे बारीक थरथरतो, अंगठा जमीन धरून ठेवतो. ती थरथर म्हणजे दुरुस्ती चाललेली असते, सेकंदाला कितीतरी वेळा. मग क्षणभर डोळे मिटून बघा. बहुतेकींचं बोट लगेच ओट्यावर येतं, कारण तीनपैकी एक बातमीदार गेला. याच दुरुस्तीचा रियाज ताडासन, वृक्षासन, वीरभद्रासन यांत होतो.

ताई ची तर उभीच तोलावर आहे. गुडघे किंचित वाकलेले, वजन एका पायावरून दुसऱ्यावर इतकं सावकाश सरकवायचं, की वेगाचा आधार मिळतच नाही. झपाझप चालताना वेग आपल्याला पुढे ढकलत असतो आणि चूक झाकली जाते. इथे चूक लगेच कळते. शिवाय हालचालींचा क्रम लक्षात ठेवावा लागतो. चीनमध्ये १९५६ साली सर्वसामान्यांसाठी बसवलेला २४ हालचालींचा संच आजही सगळीकडे शिकवतात, नवख्या बाईने तिथूनच सुरू करावं.

पुराव्याचं म्हणाल तर अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात पडण्याचा धोका असलेल्या, सत्तरीपुढच्या ६७० जणांवर झालेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसतं अंग ताणण्याचा व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत ताई ची करणाऱ्यांचं पडणं ५८ टक्क्यांनी कमी झालं. पठडीतला मिश्र व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही ते ३१ टक्क्यांनी कमी होतं. माणसं सत्तरीची होती, पन्नाशीची नव्हे, हे खरं. पण तोल काही सत्तराव्या वाढदिवसाला अचानक जात नाही. पन्नाशीत पाय घसरला की माणूस हात पुढे करतो आणि मनगट मोडतं. सत्तरीत हात पुढे यायला उशीर होतो आणि मोडतो तो खुबा.

एका पायावर उभं राहण्याचा आणखी एक अभ्यास ब्राझीलचा, २०२२ चा. ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांना दहा सेकंद एका पायावर उभं राहायला सांगितलं. ज्यांना जमलं नाही त्यांच्यात पुढच्या सुमारे सात वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं, वय-आजार वगैरे हिशोबात धरूनही ८४ टक्क्यांनी. यावरून 'एका पायावर उभे राहा, आयुष्य वाढवा' असले मथळे झाले. तसं त्यात काही सिद्ध झालेलं नाही. तोल ही एकूण तब्येतीची खूण आहे, एवढंच. त्याच मंडळींची जुनी चाचणी मला जास्त आवडते: जमिनीवर बसायचं आणि शक्यतो हात-गुडघा न टेकता उठायचं. आपल्या आज्या पाटावर बसून जेवत, खाली बसून विळीवर भाजी चिरत, ही चाचणी दिवसातून वीसदा देत होत्या. डायनिंग टेबल आणि उभ्या ओट्याने कंबरेला आराम दिला आणि ही परीक्षा घरातून बंद केली. टेबल फेकून द्या असं कोण म्हणतंय? पण वर्तमानपत्र चटईवर बसून वाचायला काय हरकत आहे?

नाडीवर बोट ठेवून

श्वासाबद्दल इतकं भोंगळ बोललं जातं, की सरळ नाडीच धरलेली बरी. डाव्या मनगटावर अंगठ्याखाली उजव्या हाताची दोन बोटं ठेवा. नेहमीचे दोन-चार श्वास जाऊ द्या. मग सावकाश पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर. थोड्या वेळाने लक्षात येईल, की श्वास घेताना ठोके जवळजवळ येतात आणि सोडताना लांबतात. तरुणपणी हा फरक ठळक असतो, वयाबरोबर कमी होतो, पण बहुतेकींना जाणवतो. श्वास सोडताना व्हेगस नावाची लांबलचक नस हृदयाला 'सावकाश' असं सांगते. हृदयाला आपण थेट हुकूम देऊ शकत नाही, श्वासामार्फत मात्र निरोप पोचवता येतो.

मिनिटाला साधारण सहा श्वास या वेगाला हा परिणाम सगळ्यात छान दिसतो. गंमत म्हणजे २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका छोट्या अभ्यासात २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली रोझरीची, म्हणजे ख्रिस्ती जपमाळेची, प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हूं' हा मंत्र म्हणायला लावला होता. दोन्ही म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. म्हणजे वसईच्या चर्चमधल्या आजी आणि जपमाळ ओढणाऱ्या आपल्या आजी, दोघींना हा वेग कोणी न शिकवता सापडलेला असू शकतो.

आता वाफा. मेंदूच्या तळाशी असलेलं एक केंद्र शरीराचं तापमान सांभाळतं. थोडंफार वरखाली झालं तर ते एरवी दुर्लक्ष करतं. इस्ट्रोजेन उतरलं की तिथल्या काही पेशी अतिउत्साही होतात आणि दुर्लक्ष करण्याची मुभा जवळपास संपते. तापमान किंचित चढलं तरी सगळी यंत्रणा कामाला लागते: कातडीकडे रक्त, दरदरून घाम, पाठोपाठ थंडी. हा त्रास चांगला सात-सात वर्षं टिकू शकतो.

त्यावर योग चालतो का? अमेरिकेत ३५५ बायकांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. एका गटाने बारा आठवडे योगवर्ग आणि घरी सराव केला. वाफांची संख्या नेहमीच्या दिनक्रमात राहिलेल्या बायकांपेक्षा कमी झाली नाही. झोप मात्र सुधारली. २०२३ मध्ये तिथल्या मेनोपॉज सोसायटीने हार्मोन सोडून इतर औषधी-बिगरऔषधी उपायांची छाननी केली, तेव्हा योग, व्यायाम आणि मंद श्वसन यांना वाफांवरचा उपाय म्हणून शिफारस दिली नाही. बिगरऔषधी उपायांत शिफारस मिळाली ती मुख्यतः विचारांची सवय बदलणाऱ्या समुपदेशनाला, ज्याला कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी म्हणतात, आणि वैद्यकीय संमोहनाला. मन इथे कामी येतं, पण आसनांच्या वाटेने नाही. वाफांनी जीव मेटाकुटीला आला असेल तर सगळ्यात प्रभावी उपाय हार्मोन उपचार हाच आहे. साधारण साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न उलटलेल्या बायकांना तो विचारात घेता येतो. स्तनांचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या असा इतिहास असेल तर गणित बदलतं, म्हणून ते स्त्रीरोगतज्ज्ञाशी बोलूनच ठरवावं. सहन करत राहण्याला कुठलंही बक्षीस नाही.

झोप सुधारणं ही मात्र लहानसहान मिळकत समजू नका. रात्र बरी गेली की दुसऱ्या दिवशीचा चिडचिडेपणा, गोड खावंसं वाटणं, व्यायामाचा कंटाळा, सगळंच थोडं आवाक्यात येतं.

लघवीच्या थेंबांबद्दल बायका डॉक्टरांशीही बोलत नाहीत, लांबच्या प्रवासाला आणि नाटकाला जाणंच बंद करतात. ४५ पुढच्या २४० बायकांवरचा एक प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंवर भर देणारा योग एका गटाला, साधा ताणण्याचा आणि ताकदीचा व्यायाम दुसऱ्या गटाला. बारा आठवड्यांत दोन्ही गटांत त्रास निम्म्याहून खाली आला, फरक नगण्य. म्हणजे जो व्यायाम आवडेल तो करा, पण करा.

चटईवर काय टाळावं

क्लासमध्ये सहसा कोणी विचारत नाही असा एक प्रश्न: तुमचा टी-स्कोर किती? डेक्सा नावाच्या तपासणीत हा आकडा मिळतो. उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाडं विरळ होऊ लागलीत, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. अशा मणक्यांना सगळ्यात घातक हालचाल म्हणजे पाठ गोल करून पुढे वाकणं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९८४ साली पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या ५९ बायकांचा अभ्यास झाला. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के जणींचे मणके पुढे दबले-मोडले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींचे! काहीच न करणाऱ्यांमध्ये ते ६७ टक्के होतं. अभ्यास लहान आणि जुना आहे, पण फरक एवढा मोठा आहे की दुर्लक्ष करवत नाही. हाडं विरळ असतील तर पश्चिमोत्तानासन, हलासन, पाठ गोल करून मारलेल्या पोटाच्या बैठका (सिट-अप्स) बाजूला ठेवा. भुजंगासन, शलभासन, सेतुबंधासन हे आपल्या बाजूचे. वाकायचंच झालं तर खुब्यातून, पाठ सपाट ठेवून. शीर्षासनात डोळ्यांतला दाब जवळपास दुप्पट होतो, तेव्हा काचबिंदू असणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

या बाबतीत पुण्याच्या अय्यंगार परंपरेचं मला कौतुक आहे. १९७५ साली उभी राहिलेली त्यांची संस्था आणि तिथे गीता अय्यंगार यांनी खास बायकांसाठी केलेलं काम यामुळे दोर, लोड, खुर्ची, लाकडी ठोकळे हे योगवर्गात मानाने आले. खुर्ची घेतली म्हणजे कमीपणा, असं वाटणाऱ्या शिक्षिकेकडे पन्नाशीच्या बाईने जाऊच नये.

मग आठवडा कसा लावायचा? जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं मार्गदर्शन आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेल असं चालणं-फिरणं आणि किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम सांगतं. पासष्टीनंतर तोलाचा व्यायाम आठवड्यातून तीनदा. मी तो पंचेचाळिशीतच सुरू करायला सांगेन. योगाचे दिवस तीन-चार ठेवा, पण ताकदीचे दोन दिवस त्यांनी खाऊ नयेत. जिम नको असेल तर तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन पाण्याने भरला की पाच किलो होतात. सुरुवात तेवढ्यापासून, आणि शेवटच्या दोन उचली जड गेल्या पाहिजेत. जड जाईनाशा झाल्या की वजन वाढवायचं. बहुतेक जणी इथेच थांबतात आणि एक किलोचे गुलाबी डंबेल वर्षानुवर्षं हलवत बसतात.

श्रावणात मंगळागौरीच्या सरावाला जाणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या मंडळांना मात्र मी पैकीच्या पैकी गुण देईन. झिम्म्यात उड्या आहेत, पिंग्यात ताल आणि गिरकी आहे, गाण्याबरोबर क्रम लक्षात ठेवणं आहे, आणि शेजारणीचा हात हातात असल्यामुळे दांडी मारता येत नाही. फक्त टी-स्कोर उणे अडीच किंवा त्याखाली असेल तर टाळ्या वाजवायला थांबा आणि बसफुगडी दुसरीला घालू द्या.